माणूस बोलवा

मराठी मध्यमवर्गीय घरात 'माणूस' या शब्दाला एक खास अर्थ आहे. नळ गळतोय, माणूस बोलवा. माळा आवरायचाय, माणूस लावा. पंख्याचा आवाज येतोय, "आमचा एक माणूस आहे, त्याला सांगते." या माणसाला आडनाव नसतं, बहुधा नावही नसतं, फोनमध्ये तो 'एसी', 'गीझर', 'पेस्ट कंट्रोल' अशा नावांनी राहतो. तो येतो, करून जातो आणि गेल्यावर आपण फरशी पुसून घेतो. मी माझ्या गाडीचं इंजिन ऑइल घरीच बदलायला लागलो तेव्हा मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न होता, "अहो, माणूस नाही का मिळाला?"

प्रश्न दिसतो तितका बावळट नाही. मी पुण्यात राहतो. इथे माणूस मिळतो. कोपऱ्यावर गॅरेज आहे. सर्व्हिस सेंटरवाले तर गाडी दारातून घेऊन जातात, दारात आणून सोडतात आणि वर धुऊनही देतात. असं असताना पन्नाशीकडे झुकलेला, कीबोर्ड बडवून पोट भरणारा इसम रविवारी सकाळी पार्किंगमध्ये पुठ्ठा टाकून त्यावर उताणा का पडतो? पैसे वाचतात म्हणून, हे उत्तर खोटं आहे. जॅक, दोन स्टँड, टॉर्क रेंच, ऑइल धरायचा ट्रे, गोट्यांचा संच या सगळ्याला जे पैसे गेले ते भरून निघायला ही गाडी मला अजून बरीच वर्षं चालवावी लागेल. 'हौस' हे उत्तर जास्त सोयीचं आहे. आपल्याकडे हौस म्हटलं की पुढचे प्रश्न थांबतात. हौसेला मोल नाही म्हणतात, तसा तिला जाबही विचारत नाहीत.

मला मात्र पुढचे प्रश्न सुटत नाहीत. जे काम दुसरा कुणी पोटासाठी करतो ते मी हौसेने करण्यात काही चांगलं आहे का? असेल तर नेमकं काय? आणि त्या दुसऱ्याच्या पोटाचं काय?

आधी कामाबद्दल थोडं, कारण काम माहीत असल्याशिवाय त्याच्या नीतीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

इंजिन पाच-सात मिनिटं चालवून ऑइल कोमट करायचं, म्हणजे ते पातळ होऊन तळाचा गाळ घेऊन उतरतं. फार तापवायचं नाही, नाहीतर हात भाजतो. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा. जॅकने उचलायची आणि स्टँडवर ठेवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, हा या कामातला एकमेव नियम जो मोडल्यावर दुसरी संधी मिळत नाही. खाली गेलं की नव्या गाडीत पहिल्यांदा इंजिन दिसतच नाही. दिसतं एक काळं प्लॅस्टिकचं आवरण. हवा सरळ वाहावी, आवाज कमी व्हावा, चिखल उडू नये म्हणून ते लावलेलं असतं. ते प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी बसवलेलं असतं. माझ्या गाडीत अशा आठ खुंट्यांची भोकं होती आणि पाचच खुंट्या होत्या. तोपर्यंत गाडी फक्त अधिकृत सर्व्हिसला गेली होती. तीन खुंट्या कुठल्या सर्व्हिसला गेल्या ते कुणाला ठाऊक; ज्याने त्या हरवल्या त्याला हे नक्की ठाऊक असणार की गाडीचा मालक इथवर कधी वाकून बघणार नाही.

आवरण निघालं की वर ऑइल चेंबर आणि त्याच्या तळाशी एक बोल्ट. पाना लावून पहिला झटका द्यायचा, मग हाताने सोडवत आणायचा. शेवटच्या आट्याला बोल्ट आत दाबून धरायचा आणि एकदम बाजूला घ्यायचा. की धार. पहिली धार जाड, तिरपी, ट्रेच्या कडेवर पडेल अशी. मग ती सरळ होते, बारीक होते, शेवटी थेंब. सगळे थेंब यायला पंधरा मिनिटं तरी लागतात आणि तेवढ्यात करण्यासारखं काही नसतं. सर्व्हिस सेंटरमध्ये लिफ्टवर पुढची गाडी वाट बघत असते. तिथे पंधरा मिनिटं ही चैन आहे. घरी ती फुकट आहे.

मग फिल्टर. जुना फिरवून काढायचा आणि त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली का ते बघायचं. ती कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर दुसरी रिंग बसली तर सगळं ठीक दिसतं आणि हायवेवर ऑइल बाहेर फेकलं जातं. नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने ताजं ऑइल लावायचं, हाताने बसवायचा, टेकला की फिल्टरवर छापलेलं असतं तेवढाच पुढे आवळायचा. बोल्टला नवा वायसर. चेंबर ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा; जोर जास्त झाला की ॲल्युमिनियमचे आटे जातात, आणि आटे गेले की चार पैशांचं काम चार हजारांवर जातं. टॉर्क रेंच 'टक्' करतो तिथे थांबायचं. थांबणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे. माणसाला आवळायला आवडतं.

वरून साडेतीन लिटर नवं ऑइल. माझ्या वडिलांच्या गाडीत '२० डब्ल्यू ५०' घालायचे, काकवीसारखं. नव्या गाडीचं ऑइल '० डब्ल्यू १६'. जवळजवळ पाण्यासारखं. पातळ ऑइलात इंजिन कमी श्रमात फिरतं, पेट्रोल थोडं वाचतं. मी पहिल्यांदा ओतलं तेव्हा डब्यावरचा आकडा दोनदा वाचला.

हे सगळं करायला मला दीड तास लागतो. गॅरेजमधला पोरगा वीस-पंचवीस मिनिटांत करतो.

नव्या गाडीबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ती मालकाने बघू नये अशा बेताने बनवलेली असते. यात कट नाही, सौजन्य आहे. बॉनेट उघडलं की इंजिनावरही प्लॅस्टिकचं झाकण. काही महागड्या गाड्यांतून तर ऑइल बघायची पट्टीच गेली आहे; किती ऑइल आहे ते पडद्यावर वाचायचं. ऑइल बदला असा दिवा लागतो तेव्हा आपल्याला वाटतं की गाडीने ऑइलची चव घेऊन पाहिली. बहुतेक गाड्यांत तसं काही नसतं. साध्या गाडीत किलोमीटर आणि महिने मोजलेले असतात; जरा हुशार गाडीत इंजिनाचे फेरे, तापमान, थंड इंजिनावर किती वेळा चालू केली याचं गणित असतं. ऑइल जिथे आहे तिथे कुणीच पाहिलेलं नसतं. दिवा लागतो, आपण फोन करतो, माणूस गाडी नेतो, बिल येतं, दिवा विझलेला असतो. आत ऑइल बदललं, की फक्त दिवा विझवला? बॉनेट न उघडणाऱ्या मालकाला हे कळायचा काहीच मार्ग नाही. दोन्ही गाड्या दारात सारख्याच उभ्या राहतात, तितक्याच गुळगुळीत चालतात. फरक पडतो तो काही वर्षांनी, बहुधा गाडी विकल्यानंतर.

दसऱ्याला आपण हिच्या नाकावर झेंडूची माळ घालतो, हळदीकुंकू लावतो, चाकाखाली लिंबू चिरडतो. ज्या यंत्राची पूजा करतो त्याचं बॉनेट उघडायची कळ कुठे आहे हे कित्येकांना माहीत नसतं. पूजेला बॉनेट बंदच बरं दिसतं, ते सोडा.

पहिल्या खेपेला मी गाडीखाली असताना सोसायटीतले दोन ड्रायव्हर येऊन उभे राहिले. मला त्यांचे बूट दिसत होते. थोडा वेळ शांतता. मग एक जण खाली बसला, मान वाकडी करून म्हणाला, "साहेब, या तुम्ही बाहेर. मी करतो की." त्याच्या आवाजात मदतीपेक्षा संकोच जास्त होता. मी तिथे पडलेलो असणं त्याला बघवत नव्हतं. म्हणजे मला त्रास होईल म्हणून नाही. काहीतरी चुकीच्या जागी ठेवलेलं दिसावं तसं. मी म्हणालो, "अहो, होत आलंय." तो उभा राहिला पण गेला नाही. साहेब खाली आणि आपण वर, हे सोडून जाणंही त्याला बरं वाटेना.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना बरं वाटलं. त्यांनी वरून फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली टाळ्यांचे हात, दंड फुगवलेले हात, 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द, आणि कुणाचं तरी 'आपला हात जगन्नाथ'. संध्याकाळी मी तो फोटो बायकोला दाखवला. ती कणीक मळत होती. म्हणाली, "छान आहे. माझा काढ ना एक." आमच्याकडे स्वयंपाकाला बाई येतात, त्या दिवशी आल्या नव्हत्या. गाडीला जसा 'माणूस' तशी स्वयंपाकाला 'बाई', आणि बाई आली नाही तर ते काम ज्या हातांकडे जातं त्यांना ग्रुपवर टाळ्या नसतात.

'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द मला तेव्हापासून टोचतो आहे. या शब्दामागे मोठी माणसं आहेत. गांधींनी १९०४ साली डर्बनजवळ फिनिक्स वसाहत उभी केली तिथे प्रत्येकाने अंगमेहनत करायची होती, संपादकानेही. आणि त्याआधी १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये त्यांनी स्वतः झाडू घेऊन संडास साफ केला होता. अंगमेहनतीची भाकरी ही त्यांची कल्पना टॉलस्टॉयच्या वाटेने आली होती, आणि विनोबांनी पवनारला ती आणखी कडक केली. ज्याला खायचं आहे त्याने हात हलवावेत, आणि हलक्या-भारी कामाचा भेद त्या हलवण्यातून जावा. मी या माणसांपुढे नम्र आहे. पण आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जी गोष्ट दाखवून दिली ती माझ्या पार्किंगमध्ये जास्त लागू पडते: जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रम करणाऱ्यांची विभागणी आहे. कामं वाटलेली नाहीत, माणसं वाटलेली आहेत. एका वाट्यातल्या माणसाने दुसऱ्या वाट्यातलं काम रविवारी हौसेने केलं म्हणून वाटे बदलत नाहीत. मी गाडीखालून उठतो तेव्हा पुन्हा साहेब असतो. माझ्या नखांतला काळा रंग मंगळवारपर्यंत टिकतो आणि ऑफिसात तो किस्सा होतो. गॅरेजमधल्या पोराच्या नखांतला रंग त्याच्या लग्नाच्या बोलणीत अडचण होतो.

तेव्हा माझ्या उताणं पडण्याने श्रमाला प्रतिष्ठा वगैरे मिळाली, हे मी सोडून दिलं. ज्याला केव्हाही उठून जाता येतं त्याचा घाम वेगळा असतो.

मग उरतं काय?

आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणतो. साठीचे असतील. दोन शटरचं गॅरेज, हाताखाली दोन पोरं, भिंतीवर साईबाबा आणि बॅटरी कंपनीचं कॅलेंडर. मी ऑइल घरी बदलतो हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पुढे ब्रेकच्या कामासाठी गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "मग, दुकान कधी टाकताय?" मी हसलो. ते हसले नाहीत. "सगळ्यांनीच घरी करायला घेतलं तर आम्ही काय करायचं?"

याला पाठ्यपुस्तकी उत्तरं आहेत. मी वर्षातून फार तर दोनदा ऑइल बदलतो, त्यांचं नुकसान काही शेकड्यांचं. शिवाय सगळे काही घरी करायला घेणार नाहीत; मामांच्या धंद्याला धोका माझ्यासारख्या हौशी लोकांचा नाही, बंद झाकणांच्या नव्या गाड्यांचा आहे. हे खरंच आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींच्या वर दंड ठोठावला तो याचसाठी: सुटे भाग, दोष शोधायची उपकरणं आणि तांत्रिक माहिती त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही आयोगाने बजावलं होतं. त्या आदेशाला आव्हानं दिली गेली, आणि मालकांच्या मनातली भीती काही गेली नाही. मीसुद्धा दोन वर्षांची वॉरंटी संपेपर्यंत थांबलोच होतो. मामांनी आता एक स्कॅनर घेतला आहे. तो काही गाड्यांशी बोलतो आणि काहींशी बोलत नाही. ज्या माणसाला कानाने टॅपेटचा आवाज ओळखता येत होता, तो डोळे बारीक करून छोट्या पडद्यावरचे आकडे वाचतो.

पण मामांनी मला आकडे विचारले नव्हते. त्यांनी विचारलं होतं ते असं: तुझं पोट दुसरीकडे भरतंय, मग माझ्या ताटात हात कशाला? याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. ब्रेकचं काम करून घेतलं आणि आलो.

आता मला जे वाटतं ते सांगतो.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक निबंध लिहिला, पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं त्यात या निबंधाचा मोठा वाटा. विषय होता जुन्या गाड्यांचा बाजार. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीचा भाव खोड असेल असं धरूनच करतो. मग चांगली गाडी असणाऱ्याला योग्य भाव मिळत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि मागे रद्दी उरते. यात फसवणारा एखादाच असला तरी चालतं. घेणाऱ्याचं अज्ञान बाकीचं काम करतं. गाडीच्या जागी गॅरेज ठेवून पाहा. मला काम दिसत नाही, म्हणून मी प्रत्येक बिलाकडे संशयाने बघतो. "फिल्टर खरंच बदललात ना?" "एवढे कसे झाले?" आणि मग ठरलेलं: "काहीतरी कमी करा." प्रामाणिक मिस्त्री आणि लबाड मिस्त्री माझ्या नजरेला सारखेच. लबाडाचं त्यात काही जात नाही. त्याने दोनशे आधीच चढवलेले असतात. जातं ते प्रामाणिकाचं. माझ्या न बघण्याची किंमत मी मोजत नव्हतो, मामा मोजत होते.

आपल्याकडे याला 'विश्वासाचा माणूस' असा एक उपाय काढलेला आहे. "आमचा मेकॅनिक विश्वासाचा आहे." पण ज्याचं काम मला तपासता येत नाही त्याच्यावर मी ठेवतो तो विश्वास असतो की नाइलाज? विश्वास ठेवायला संशय घेण्याची ऐपत लागते. देवळात जोडे काढून आत जाणं आणि जोडेच नसणं यात फरक आहे.

हेगेलने १८०७ च्या आपल्या ग्रंथात मालक आणि दास यांची एक गोष्ट मांडली आहे. मालक वस्तू वापरतो, पण त्याच्या आणि वस्तूच्या मध्ये दास उभा असतो. वस्तूचा कठीणपणा दासाच्या हाताला लागतो. म्हणून शेवटी जग कळतं ते दासाला, आणि मालक आपल्याच वस्तूंना पाहुणा होतो. विद्यार्थीदशेत वाचताना मला हे फार अमूर्त वाटलं होतं. आता 'वस्तूचा कठीणपणा' म्हटलं की मला एक विशिष्ट बोल्ट आठवतो. वर्षभर पावसाचं पाणी बसून गंजलेला, आवरणाच्या मागच्या बाजूचा, जिथे पाना पुरता फिरत नाही. साठ अंश फिरतो, काढा, पुन्हा लावा, पुन्हा साठ अंश. तोंडावर माती. हात वर धरून खांदा भरून येतो. या एका बोल्टला अकरा मिनिटं लागली.

आणि याचा परिणाम असा झाला की माझं भाव करणं गेलं. पुढच्या खेपेला मामांनी सस्पेन्शनच्या कामाचे पैसे सांगितले तेव्हा माझ्या तोंडून सवयीचं वाक्य निघेना. कुठले बोल्ट, ते कुठे आहेत, पावसाळ्यानंतर ते कसे झालेले असतात हे मला माहीत होतं. सांगितले तेवढे दिले. म्हणजे ऑइल घरी बदलून जे वाचलं ते तिथे गेलं, वर थोडं जास्तच. हिशोबाच्या वहीत हे तोट्याचं आहे. मला मात्र असं वाटतं की इतकी वर्षं मी मामांकडून थोडं थोडं उधार घेत होतो आणि त्याला 'घासाघीस जमते' म्हणत होतो.

यावर एक आक्षेप घ्यायलाच हवा, आणि तो मामांनीच घेतला. त्यांच्या मते सगळ्यात वाईट गिऱ्हाईक म्हणजे यूट्यूब बघून आलेलं. "डोक्यावर उभं राहतं. हे असं नाही, तसं करा. पोराच्या हातातला पाना घेतं." ज्ञान आलं की माणूस नम्रच होतो असं काही नाही, मुकादमही होतो. काम माहीत असलेला मालक अडाणी मालकापेक्षा जास्त छळू शकतो. गिरण्यांपासून सॉफ्टवेअरपर्यंत हेच दिसतं. मग माझ्यात आणि त्या गिऱ्हाइकात फरक काय? मी चांगला आणि ते वाईट, असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. फरक असलाच तर तो अकरा मिनिटांचा असावा. व्हिडिओत तो बोल्ट दिसत नाही. व्हिडिओत गाडी लिफ्टवर असते, खाली उजेड असतो, आणि "आता हा बोल्ट काढून घेऊ" म्हटल्यावर पुढच्या क्षणी तो काढलेला असतो. मधला भाग कापलेला असतो. मजुरी कापलेल्या भागाची असते.

म्हणून मी मित्रांना ऑइल घरी बदला असं सांगत फिरत नाही. प्रत्येकाने सगळं करावं ही कल्पनाही मला मानवत नाही. तसं झालं तर आपण एकमेकांना भेटणार कशाला? पण वर्षभरात आपण ज्या ज्या कामांना माणूस बोलावतो त्यातलं एखादं तरी एकदा पूर्ण, स्वतःच्या हाताने, शेवटच्या थेंबापर्यंत करून बघणं हे मला त्या माणसाचं देणं वाटतं. हौसेच्या खात्यात ते बसत नाही. ते काम पुन्हा कधी नाही केलं तरी चालेल. मामांच्या प्रश्नाला हे उत्तर होतं का? मी ते त्यांना सांगितलेलं नाही. "तुमचं काम कळावं म्हणून तुमचं काम मी घेतलं" हे वाक्य त्यांच्यासमोर उभं राहून म्हणता येईल असं मला वाटत नाही, आणि जे समोर म्हणता येत नाही त्यात काहीतरी कच्चं आहे एवढं मी धरून चालतो.

राहिलं जुनं ऑइल. साडेतीन लिटर, काळं, डब्यात भरलेलं. घरच्या घरी, स्वावलंबन वगैरे सगळी भाषा या डब्यापाशी संपते. ते गटारात ओतता येत नाही. एका वेळचं ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे अडतीस लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं असं अमेरिकेचं पर्यावरण खातं सांगतं. ते कचऱ्याच्या गाडीत देता येत नाही. आपल्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्यांवर टाकली आहे. कागदावर हे चांगलं आहे. माझ्या पार्किंगमधून त्या कागदापर्यंत जाणारा रस्ता मात्र कोपऱ्यावरच्या गॅरेजमधूनच जातो.

पहिल्यांदा डबा घेऊन गेलो तेव्हा मला जरा लाज वाटत होती. काम स्वतः केलं, आणि घाण यांच्या दारात. मामांनी झाकण उघडलं, बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळून बघितलं. "बरं आहे. लांबच्या फेऱ्या करता वाटतं." बरोबर होतं, त्या वर्षी मी दर पंधरवड्याला सांगलीला जात होतो. त्यांनी पोराला हाक मारली आणि डबा मागच्या मोठ्या ड्रममध्ये रिकामा करायला लावला. मी विचारलं, हे पुढे जातं कुठे. पूर्वी सेंट्रिंगवाले न्यायचे, म्हणाले, प्लेटांना लावायला. आता एक जण टेम्पो घेऊन येतो, वजन करतो, पैसे देतो, नेतो.

"नेऊन काय करतो?"

"ते त्यालाच माहीत. चांगला माणूस आहे."

शुद्ध करणाऱ्या कारखान्यात जातं, की कुठल्या भट्टीत जळतं, की आणखी कुठे, हे मामांनाही ठाऊक नाही. मी त्यांना टेम्पो आला की फोन करायला सांगितलं आहे. गुरुवारी दुपारी येतो म्हणाले. मी तेव्हा ऑफिसात असतो.